ओंक्या, घर तिकडेच घे

प्रिय ओंक्या,

काल फोनवर तू घाईत होतास आणि मी पोळ्या करत होते त्यामुळे बोलायचं ते राहूनच गेलं. व्हॉट्सॲपवर एवढं मोठं टाकलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होशील म्हणून ईमेल करतेय, निवांत वाच.

मालवाहू विमानावर नोकरी लागली, बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते तो विमानतळ, सिनसिनाटी मिळाला, आनंद आहेच, देवापुढे साखर ठेवली मी. पण नंतर तू हळूच म्हणालास ना, "राहणार न्यू जर्सीतच, विमानानं कम्यूट करीन, बाबानं नाही का केला", तिथे माझी तव्यावरची पोळी करपली. बाबानं केला, हो. 19 वर्षं केला. पण कसा केला हे त्याला विचारायला जाशील तर तो म्हणेल "चाललं की बरं" आणि रिमोट शोधायला लागेल. विमान त्यानं चालवलं पण त्या विमानाच्या वेळापत्रकावर घर मी चालवलंय, त्यामुळे ही बाजू माझ्याकडूनच ऐक. तू पायलट आहेस, तुला नियम-बियम माझ्यापेक्षा जास्त माहीत, तरी ऐक.

आपल्या घरी कुकरची शिट्टी दुपारी 2 च्या आत कधी झाली नाही, आठवतंय? तुझ्या मित्रांच्या घरी शनिवारी सकाळी मिक्सर, टीव्ही, भांडणं सगळं असायचं आणि आपल्याकडे तू पायजमा वर धरून चवड्यांवर चालायचास. बेडरूमच्या खिडकीला काळ्या पडद्याच्या आत मी ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलं होतं, समोरच्या घरातल्या बाईला वाटायचं आम्ही आत काय पिकवतोय कोण जाणे. बेलवर चिकटपट्टी, तुझा तबला गॅरेजमध्ये, वरण उघड्या पातेल्यात दीड तास शिजवायचं. आणि एवढं सगळं करून तो माणूस चार तासांत उठून खाली यायचा आणि म्हणायचा, झोप झाली. कुठली झाली, डोळे बघ म्हटलं आरशात. दिवसाची झोप कितीही घेतली तरी रात्रीच्या झोपेची सर तिला येत नाही, शरीराला काही फॉइल लावून फसवता येत नाही.

माल रात्री उडतो. संध्याकाळी गावोगावाहून विमानं निघतात, 11 ते 1 च्या सुमारास हबला, म्हणजे कंपनीच्या मुख्य विमानतळावर, उतरतात, मालाचे मोठे डबे उतरतात, पाकिटं पट्ट्यांवरून फिरून आपापल्या गावाच्या डब्यात जातात आणि पहाटे 4 च्या आसपास सगळी विमानं परत बाहेर. मधल्या दोन-तीन तासांत पायलट लोक आरामखुर्चीत नाहीतर त्या छोट्या अंधाऱ्या खोल्यांत पडतात. बाबा त्याला एसटी स्टँडवरची झोप म्हणायचा, डोळा लागतो पण पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळूनच. आणि मग रात्री 2 ते 6, जेव्हा माणसाचं शरीर सगळ्यात मंद असतं म्हणतात, तेव्हाच पुन्हा टेकऑफ आणि उजाडताना लँडिंग. हे झालं नुसतं काम. कामाला माझं काही म्हणणं नाही, पगार चांगला आहे, पॅसेंजरची कटकट नाही, बाबाला आवडायचं. माझं म्हणणं कम्यूटबद्दल आहे.

लोकांना सांगितलं ना की नवरा न्यूअर्कहून सिनसिनाटीला विमानानं कामाला जातो तर काय भारी वाटायचं त्यांना. दोन तासांची तर फ्लाइट! ते दोन तास कसे लांबतात बघ. समज रात्री साडेनऊला ड्युटी आहे. संध्याकाळच्या फ्लाइटनं गेलं आणि ती रद्द झाली तर संपलं, म्हणून दुपारची धरायची, संध्याकाळची मागे बॅकअपला ठेवायची. दुपारच्या फ्लाइटला 10 ला घर सोडायचं. म्हणजे माणूस सकाळी 7 ला उठलेला, आणि त्याचं काम संपतं दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ला. हे टाळायचं तर आदल्या दिवशी जाऊन क्रॅशपॅडवर, म्हणजे पायलट लोकांच्या भाड्याच्या सामायिक खोलीत, झोपायचं, म्हणजे सुट्टीतला एक दिवस गेला. परत येताना आणखी एक, कारण त्या दिवशी तो घरी येतो पण येऊन पडलेलाच असतो. बाबाचं एक आठवडा काम एक आठवडा सुट्टी असं होतं, म्हणजे वर्षाला 26 फेऱ्या, प्रत्येकीला दोन दिवस, झाले 52. मी जुनी कालनिर्णय ठेवलीत ना सगळी, लाल पेनानं खुणा केलेली, त्यावर एकदा बसून मोजलं. नुसती सिनसिनाटीची 16 वर्षं धरली तरी दोन वर्षांहून जास्त होतात. ह्या दिवसांचा पगार नाही, ते ड्युटीत धरत नाहीत, आणि विश्रांती तर नाहीच नाही. कुठल्याच खात्यात नाहीत ते दिवस. फक्त माझ्या कालनिर्णयवर आहेत.

जम्पसीट, म्हणजे दुसऱ्याच्या विमानात पायलटला मिळणारी जागा, फुकट असते हे खरं, पण फुकट म्हणजे हक्काची नाही. कॅप्टनला जाऊन रीतसर विचारायचं, त्यानं हो म्हटलं तर बसायचं, मागे सीट रिकामी असली तर नशीब, नाहीतर कॉकपिटमध्ये ती ताठ पाठीची घडीची खुर्ची. आणि तीच जागा मागणारे गेटवर आणखी तिघं उभे. बाबा क्रूसाठी चॉकलेटची पिशवी न्यायचा दरवेळी, ती सवय मात्र लाव, चांगली आहे. जुलैत संध्याकाळी न्यूअर्कला ढग फुटले की काय होतं तुला माहीतच आहे, एकदा दोन्ही फ्लाइट गेल्या, हा माणूस टॅक्सी करून लाग्वार्डियाला पळाला, तिथलीही गेली, मग फोन करून सांगावं लागलं की पोचत नाही. ट्रिप गेली, तिचे पैसे गेले, आणि घरी येऊन दोन दिवस शाळेत नापास झालेल्या पोरासारखा तोंड पाडून बसला. गैरहजेरी नव्हती रे ती, वादळ होतं, पण त्याला पटेना.

आता तू म्हणशील मग बाबानं घर तिकडे का नाही घेतलं. घेणार होतो. 2006 मध्ये त्याचा पहिला बेस विल्मिंग्टन, ओहायोतलं, शेतांच्या मधोमध छोटंसं गाव आणि मधे एवढा मोठा विमानतळ. दोन घरं बघूनही आलो होतो, एकाच्या मागे सफरचंदाचं झाड होतं, मला ते अजून आठवतं. तुझी शाळा, माझी नोकरी, पुढच्या वर्षी बघू असं करत राहिलं, आणि 2008 मध्ये ज्या कुरिअर कंपनीचा तो हब होता तिनं अमेरिकेतला देशांतर्गत धंदाच बंद करायचं ठरवलं. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी तिथे घरं घेतली होती त्यांना ती विकताही येईनात. बाबाचीही नोकरी गेली, आठ महिने घरी होता, मग सिनसिनाटीला दुसऱ्या कंपनीत लागला तर सिनिऑरिटी पुन्हा शून्यापासून, कारण ती काही बरोबर नेता येत नाही, कालच्या पोराच्या खाली नाव लागतं. तेव्हापासून घराचा विषय काढला की त्याचं एकच उत्तर, "विल्मिंग्टन आठव." त्या एका वेळेला तो बरोबर होता, मी नाही म्हणत नाही. पण एकदा बरोबर ठरल्याच्या जोरावर त्यानं पुढची 16 वर्षं काढली, हे काही मला पटलं नाही.

दुसरं एक सांगते. फेब्रुवारी 2009 मध्ये आपल्या ह्याच न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं छोटं विमान पडलं, विमानातले 49 आणि खाली घरातला एक, 50 माणसं गेली. बाबा तेव्हा नोकरी शोधत घरीच होता, टीव्हीसमोरून उठला नाही. कॅप्टन फ्लोरिडाहून यायचा, आणि को-पायलट मुलगी सिएटलला राहायची, आदल्या रात्री मालवाहू विमानांच्या जम्पसीटवर मेम्फिसमार्गे न्यूअर्कला आली होती, झोप म्हणजे विमानात आणि क्रू रूमच्या कोचावर जी मिळेल ती. अपघाताचं मुख्य कारण वेगळं निघालं, स्टॉलच्या, म्हणजे वेग कमी पडून विमान हवेत तरंगेनासं होतं त्याच्या, वॉर्निंगला कॅप्टननं उलटंच केलं, पण थकव्यावर खूप चर्चा झाली आणि त्यातून विश्रांतीचे नवे नियम आले, 2014 पासून लागू झाले. ड्युटीच्या आधी 10 तास विश्रांती, त्यात 8 तास सलग झोपायला वाव, आणि मध्यरात्रीनंतर ड्युटी सुरू झाली तर जास्तीत जास्त 9 तास, सकाळी सुरू झाली तर 14 पर्यंत. छान आहे ना? फक्त पॅसेंजरवाल्यांना. मालवाल्यांना वगळलं, खर्चाच्या मानानं फायदा कमी असा हिशोब मांडून. रात्री उडणारे कोण, तर मालवाले, आणि रात्रीच्या थकव्याचा नियम कुणाला, तर दुसऱ्यांना! 2013 च्या ऑगस्टमध्ये अलाबामात बर्मिंगहॅमला पहाटे माल घेऊन येणारं विमान रनवेच्या अलीकडे पडलं, दोघं पायलट गेले. त्या फ्लाइटच्या रेकॉर्डिंगमध्ये ते दोघं विश्रांतीच्या ह्याच नियमांबद्दल बोलत होते, मालवाल्यांना वेगळा न्याय का म्हणून. मी त्या अपघाताचं पेपरात वाचलं तेव्हा बाबा ड्युटीवर होता. त्या रात्री मी तुझ्या खोलीत येऊन झोपले होते, तुला वाटलं एसी बिघडलाय.

आणि आता जे तुला कुणीच सांगितलं नाही ते. तू दहावीत असताना बाबाच्या गाडीचं उजवं चाक घासलं होतं आणि आरसा तुटला होता, तुला सांगितलं पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकलं. कुणी ठोकलं नव्हतं. रात्रभर उडून, सकाळच्या फ्लाइटनं न्यूअर्कला उतरून, पार्कवे हायवेवरून घरी येताना त्याचा डोळा लागला. कडेच्या खाचांवर चाकं गेली आणि त्या घरघरीनं जाग आली, तोवर कठडा घासला होता. घरी आला, चहा प्यायला, आणि चहा संपल्यावर सांगितलं. शंभर टन विमान पहाटे पावसात नीट टेकवणारा माणूस आणि घरापासून दोन एक्झिट आधी झोपला. त्या दिवसापासून गाडी बंद, ट्रेननं मेट्रोपार्कला यायचं आणि मी घ्यायला जाणार. त्यातही दोनदा तो झोपेत ट्रेंटनपर्यंत गेला, शेवटचं स्टेशन म्हणून कंडक्टरनं उठवला. ट्रेंटनला मात्र मी हसले, खोटं कशाला बोलू.

नरकचतुर्दशीचं तुला आठवत नसेल, सहा वर्षांचा होतास. बाबा आल्याशिवाय आंघोळ नाही म्हणून हट्ट धरून उटणं लावून बाथटबमध्ये पाटावर बसलास, कारीट म्हणून चेरी टोमॅटो पायाशी. बाबाची फ्लाइट लेट. उटणं वाळून चेहरा इतका ताणला की हसलास तर तडकायचं, आणि ते तडकलं की तू आणखी हसायचास. 11 ला आला तो, युनिफॉर्मवरच बाह्या दुमडून तुला आंघोळ घातली. छान आठवण आहे तशी. पण दिवाळीनंतर थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस पार्सलांच्या सगळ्यात जास्त गर्दीचा सीझन, त्यात रजा मागायची सोयच नाही, त्यामुळे तुझ्याकडे हिवाळ्यातल्या अशा आठवणी किती आहेत बघ मोजून.

तर माझं म्हणणं एवढंच की निदान रिझर्व्हवर आहेस तोवर तिकडे राहा. नवा माणूस रिझर्व्हवरच असतो, फोन आला की दोन तासांत हजर, ते जर्सीत बसून होतच नाही, म्हणजे तू ड्युटी नसतानाही क्रॅशपॅडवरच बसणार. बाबाचं क्रॅशपॅड मी एकदा बघितलंय, हेब्रनला, म्हणजे सिनसिनाटीचा विमानतळ म्हणतात पण आहे नदीच्या पलीकडे केंटकीत. एका खोलीत सहा बंक, प्रत्येकाला पडदा, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, बाबाच्या ठेच्याच्या बाटलीवर कुणीतरी कवटीचं चित्र काढलेलं. महिना तीनशे डॉलर आणि सहा जणांचं घोरणं. त्यापेक्षा फ्लॉरेन्सला एका बेडरूमचं अपार्टमेंट बघ, ती पाण्याची टाकी आहे ना "फ्लॉरेन्स यॉल" लिहिलेली, त्या बाजूला. भाडं जर्सीपेक्षा पुष्कळ कमी आहे. विकत घेऊ नकोस लगेच, विल्मिंग्टन मलाही आठवतंय.

सायलीचं काय, हे तू मला विचारलं नाहीस आणि मी सांगणारही नाही. फक्त तिला हे पत्र वाचायला दे. कम्यूट तू करशील, पण कालनिर्णयवर लाल खुणा ती करेल, तर तिला आधी कळू दे काय आहे ते. आणि मी एकटी पडेन म्हणून जर्सीत राहत असशील तर ते आधी डोक्यातून काढ. मार्चमध्ये बाबा 65 चा होतोय, पायलटच्या वयाच्या नियमाप्रमाणे घरी बसणार, मला एकटं पडायला आता वाव कुठे मिळणार.

आजीची गोधडी आणि छोटा कुकर बाजूला काढून ठेवलाय, आलास की ने. फॉइलचा रोलही देते, चांगला जाड बघून आणलाय कॉस्टकोतून.

बाबा आज पहाटेची फ्लाइट करून आलाय, वर झोपलाय. दोन वाजून गेले, कुकर लावते आता.

तुझी,
आई