मावशी, तुमची टोपली अजून माझ्याकडेच आहे

मावशी, नमस्कार.

आज सकाळी साडेसहाला बदकांचं खुराडं उघडलं तर तणसात अंडं. फिकट हिरवट, एका बाजूला चिखल लागलेलं, हातात घेतलं तर अजून कोमट. पोरगी तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली. आम्ही दोघं थंडीत कुडकुडत त्या एका अंड्याकडे पाहत बसलो आणि मला तुमची आठवण आली.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणता, "हो, जाय आता, गिऱ्हाईक उभं हाये." म्हणून लिहून राहिलो. नातू मोबाइलवर वाचून दाखवेलच. चारचौघांत लिहिण्याचं कारण एवढंच, की पहिल्यांदा बदकं पाळायचं आणखी कोणाच्या डोक्यात असेल तर त्यानं माझ्यासारखं सुरुवातीलाच तोंडघशी पडू नये.

मे महिना आठवतो ना? सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात तुमच्याकडून उबवणीच्या मशीनमध्ये ठेवायला बदकाची बारा अंडी घेतली होती, आणि पुढच्याच बुधवारी परत येऊन मी तुमच्यावरच उखडलो. अंडी जुनी होती, फसवलं, असं काहीबाही बोललो. तुम्ही कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता एकच विचारलं, "मशीन कुठी ठेवली?" मी सांगितलं, मागच्या पत्र्याच्या खोलीत. कूलरच्या ओलाव्यापासून लांब. तुम्ही हसल्या. "नवतप्यात त्या खोलीत मानूस उबते बापू, अंडं काय करन?"

घरी येऊन मशीनचा काटा नीट पाहिला. बदकाच्या अंड्याला साडेसदतीस अंश लागतात आणि काटा एक्केचाळीसवर होता. बल्ब तर बंदच होता! उबवणीच्या मशीनला गरम करता येतं, गार करता येत नाही, ही साधी गोष्ट नागपूरच्या मे महिन्यात माझ्या ध्यानात आली नव्हती. टॉर्च लावून एकेक अंडं पाहिलं. आत रक्ताचं एकेक कडं, बस. जीव धरला होता आणि उन्हानं मारला होता. मशीन विकणाऱ्याला, अंड्यांना, तुम्हाला, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या होत्या. चूक माझी होती. तेव्हा माफी मागायची राहिली, ती आता मागतो.

मिरगाचा पाऊस पडू दे, मग ये, असं तुम्ही सांगितलं. आलो, तर दहा अंडी आणि वर टोपलीत एक खुडूक कोंबडी. पैसे अंड्यांचेच घेतले. कोंबडी "फिरवून आनजो" म्हणून दिली. सहा अंडी हिच्याखाली ठेव, चार तुझ्या मशीनमध्ये, म्हणजे तुलाच समजेल कोण हुशार. आणि दिवस मोजायचा तुमचा हिशेब! कोंबडीचं अंडं तीन बाजाराचं, बदकाचं चार बाजाराचं. मी मोबाइलमध्ये 21 आणि 28 दिवसांचे गजर लावत होतो, तुम्ही बुधवार मोजत होत्या. आमच्या घरात आता सगळ्याच गोष्टी बाजारांत मोजतात. पोरीची सहामाही परीक्षासुद्धा "दोन बाजारांवर" आली होती.

दुसऱ्या बाजारापासून अंड्यांवर रोज कोमट पाणी शिंपडायला तुम्ही सांगितलं, ते मला अंधश्रद्धाच वाटलं होतं. खरं सांगतो. मग तुम्ही म्हणाल्या, बदकीण बोडीतल्या पाण्यातून ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते, कोंबडी कोरडी बसते, मग तो ओलावा कोण देणार? भंडाऱ्याकडच्या तुमच्या माहेरच्या जुन्या मालगुजारी (मामा) तलावावर लहानपणापासून पाहिलेलं ते ज्ञान. मशीनच्या कागदात हेच आर्द्रतेचे आकडे देऊन लिहिलं होतं, तिथं मला ते समजलं नव्हतं.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर अंडं धरलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि मधोमध एक काळा ठिपका, तो हलत होता. बायको आजवर "तुमचे उद्योग" म्हणत होती. ती म्हणाली, आणखी एकदा दाखवा.

आता त्या मंगळवारच्या रात्रीबद्दल.

संध्याकाळी मशीनमधल्या दोन अंड्यांना बारीक तडा गेला होता. आतून चिवचिव ऐकू येत होती. मला वाटलं, आता तासाभरात बाहेर. रात्री अकरापर्यंत काहीच नाही. तुम्हाला फोन करून झोपेतून उठवलं. "हात मांगं घे," तुम्ही म्हणाल्या. "झाकन उघडू नको. आपल्या हातानं निंगते ते." मी हो म्हटलं. पहाटे पाचला एका अंड्यातला आवाज बंद झाला असं वाटलं, आणि मी झाकण उघडलं. नखानं कवच सोललं. दोन-तीन टिकल्या निघाल्या आणि आतल्या पांढऱ्या पडद्यातून रक्त आलं. थेंबभरच. पण थांबेना.

तडा गेल्यावर पिल्लू एक-दीड दिवस का थांबतं, ते मला नंतर कळलं. पडद्यातल्या शिरांमधलं रक्त त्याला अंगात ओढून घ्यायचं असतं, उरलेला बलक पोटात घ्यायचा असतो, मग ते आत फिरत फिरत टोपण कापतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते नुसतं पडून राहिल्यासारखं दिसतं. आणि झाकण उघडलं की आतली ओल जाते, पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. म्हणजे मी एकाचा जीव घेतला आणि बाकीच्यांचीही वाट अवघड केली.

बाजाराला जायच्या आधी तुम्ही मानेवाड्याला आमच्या घरी आल्या. वर्तमानपत्रावर ते ओलं पिल्लू पडलेलं होतं. तुम्ही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पोरीला म्हणाल्या, पाणी दे वो माय. पाणी प्यायल्या. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून मशीनच्या काचेवर टाकला, चारही बाजूंनी खोचला, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. दोन तास! बाजार बुडवून. मी तीनदा उठलो, तीनदा तुम्ही नुसती मान हलवली. दुपारी दुपट्ट्याखालून धडपड ऐकू आली तेव्हाच तो काढला. पिवळं-काळं, चिंब, मान टाकून पडलेलं एक पिल्लू. मशीनमधलं तेवढंच एक जगलं. कोंबडीखाली रात्रीपर्यंत पाच निघाली. सहावं अंडं कोरंच होतं.

कोण हुशार ते मला समजलं, मावशी. पण त्या दिवशी तुम्ही ते बोलून दाखवलं नाही. या पत्रातले निम्मे आभार त्या न बोलण्याचे आहेत.

बाकीचं तसं भराभर झालं. चौथ्या दिवशी मी हौसेनं परातीत पाणी भरून पिल्लं सोडली. कोंबडी काठावरून अशी ओरडत धावत होती, जणू तिची पोरं फुटाळा तलावात बुडताहेत. पोरांना तिची पर्वा नव्हती, पण दहा मिनिटांत भिजून गारठली आणि बल्बखाली नेऊन सुकवावी लागली. मग तुमचं खरं मानलं: पाणी नाकपुड्या बुडतील एवढं खोल, अंग बुडेल एवढं नाही. आणि खाण्याशेजारी पाणी नेहमी हवं, नाहीतर घास घशात अडकतो.

दुसऱ्या आठवड्यात एक पिल्लू बसून चालायला लागलं. पशुवैद्यांनी सांगितलं की कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य बदकांना पुरत नाही, यांना नियासिन बरंच जास्त लागतं, किलो खाद्यामागे 55 मिलिग्रॅमच्या आसपास. थेंब दिले, आठवड्यात उभं राहिलं. तुम्हाला हे सांगितलं तर म्हणाल्या, "तेच तं सांगून राहिली होती, नुसत्या पुडीच्या खाद्यानं पाय जाते." नियासिन हा शब्द सोडून सगळं सांगितलं होतं तुम्ही.

आणि ती ढेप! स्वस्तात मिळाली म्हणून पोतंभर शेंगदाण्याची ढेप आणली होती. तुम्ही माझ्या तळहातावरचा चुरा हुंगला आणि माझ्यादेखत नालीत झटकला. पावसाळ्यातली ढेप, आत बुरशी. त्या बुरशीचं विष बदकांइतकं क्वचितच कोणाला बाधतं, हे पशुवैद्यही म्हणाले. पोतं कचरागाडीत टाकताना जीव तुटला. पिल्लं वाचली.

तान्ह्या पोळ्याला पोरगी लाकडी बैल ओढत निघाली तर मागून ओळीनं सहा बदकं. गल्लीतली सगळी पोट्टी बैल सोडून त्यांच्यामागे. समोरचे काका तेव्हापासून रोज विचारतात, सावजी मसाला आणू का? मी हसतो. पोरगी हसत नाही.

एक मुंगसानं नेलं. उरलेल्या पाचांत तीन माद्या, दोन नर. आवाजावरून ओळखायचं तुम्हीच शिकवलं: मादी खणखणीत ओरडते, नराचा घसा बसलेला असतो, आणि पुढे त्याच्या शेपटीवर वळलेलं पीस येतं. तीन माद्यांना दोन नर नकोत म्हणून एक तुम्ही घेऊन गेल्या. पोरगी सांगत फिरते की तो मावशीच्या बोडीत पोहतोय. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

कोंबडी पोळ्यानंतर परत केली, टोपली मात्र राहून गेली. त्या टोपलीत आता मादी बसते, आजचं अंडं टोपलीशेजारच्या तणसातच सापडलं. या बुधवारी टोपली धुऊन आणतो. रिकामी आणणार नाही. तीन-चार अंडी जमली तर ती, नाहीतर हेच एक, आणि वर ज्वारी, तुमच्या त्या कोंबडीसाठी. गिऱ्हाईक असलं तरी मी थांबतो.

तुमचा,
मानेवाड्याचा बापू