बंदी आहे, धाक हवा

मा. संपादक,

सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी प्राणी वापरण्यास आपल्या देशात २०१४ सालीच बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा चाचणीतून आलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही मनाई झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फक्त डोके बाहेर राहील अशा पेटीत सशाला जखडून त्याच्या डोळ्यात रसायन घालायचे आणि डोळा किती लाल होतो, बुबुळ किती गढुळते याची पुढे काही दिवस नोंद ठेवायची, ही १९४०च्या दशकातली पद्धत. आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर बरेच काही तपासता येते, तेव्हा तिची गरज उरलेली नाही.

परंतु प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये! म्हापशाच्या बाजारात एवढ्यात धड नारळ मिळण्याची मारामार. ही रक्कम बदलल्याशिवाय कायद्याचा वचक बसणार नाही. शिवाय ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे सांगण्यासाठी वेष्टनावर छापलेले सशाचे चित्र ही सरकारी मोहोर नव्हे. ते छापण्यासाठी कोणता पुरावा हवा, हे नियमातच स्पष्ट असावे.

पर्यटकांमुळे गोव्यातील दुकानांत परदेशी क्रीम, शाम्पू सर्रास दिसतात. त्यांवर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नियमित तपासावे आणि दंडवाढीसाठी आपल्या खासदारांनी संसदेत आग्रह धरावा, ही विनंती.

— एक ग्राहक, म्हापसा