पुस्तक उचलून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

प्रभूमध्ये सलाम.

नाताळच्या करंज्या संपल्या, चर्चवरचा तारा खाली उतरला, पण तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. व्यासपीठावरून नाव घेऊ नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून इथंही घेत नाही. तरी पत्र उघडच लिहितो. संडे स्कूलच्या पोरांना गाणी बसवताना उलट उत्तरं ऐकून घेणारे मदतनीस काही फक्त आमच्याकडेच आहेत असं नाही, त्यांनाही उपयोग होईल.

आधी पुस्तकाचं. मागच्या ओळीतल्या त्या पोरानं ‘असलं बोअर गाणं कोण म्हणतंय’ म्हणत गीतांचं पुस्तक जमखान्यावर भिरकावलं आणि सगळी खोली तुमच्या हाताकडं बघायला लागली. तुम्ही गुडघ्यावर हात टेकत त्याच्या शेजारी खाली बसलात. पुस्तक उचललंत, दुमडलेलं पान तळहातानं सरळ केलंत, गाणं काढून त्याच्या मांडीवर ठेवलंत आणि ओळीखाली बोट धरून स्वतःच म्हणायला लागलात. त्याला एक शब्द बोलला नाहीत. बोट पुढं सरकत होतं, पोराचे ओठ मागं पडत होते. ‘सृष्टी’पाशी अडले, ‘स्तोत्र’पाशी थांबलेच. तुमचं बोटही तिथंच थांबलं.

पोरगं इंग्रजी माध्यमातलं. मराठी वाचता येतं, पण गाण्याच्या वेगानं नाही. जोडाक्षर आलं की गाडी रुतते. त्यात गाण्याचे क्रमांक मराठी आकड्यांत. पुस्तकातला ‘१’ त्याला इंग्रजी नऊ वाटायचा आणि ‘४’ आठ. म्हणजे दर वेळी चुकीचं पान निघणार, शेजारचा हसणार. त्यापेक्षा पुस्तक फेकून दिलेलं बरं, एवढाच त्याचा हिशेब. मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, हे पोरांकडून पाठ करून घेणारे आमच्यात पुष्कळ. पोरांना पुस्तकातला आकडा लागतोय का, हे बघायला कुणाला सवड झाली नाही.

तुमच्याआधी काय काय झालं तेही लिहितोच, राग अजून गेलेला नाही. एकानं कान पिळले. एकानं ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या’ या पाटीखालीच तिघांना अंगठे धरून उभं केलं. ‘कार्यक्रमातून काढून टाकीन’ ही धमकी तर दर रविवारी असायची आणि काढलं कुणालाच नाही, त्यामुळं चौथ्या रविवारी पोरंच म्हणायला लागली, ‘काढा की!’ आता हे ‘काढा की’ उद्धटपणाचं होतं, पण ‘व्हय की’, ‘काय वो’ हे उद्धटपणाचं नव्हे, ती इथली बोली. बाहेरून आलेल्यांना यातला फरक कळत नाही आणि मग बिनकामाचं भांडण उभं राहतं. तुम्ही बोलीला कधी हात लावला नाहीत. कुणी कुणाच्या आवाजाची, रंगाची, घरची टिंगल केली की मात्र तिथल्या तिथं थांबवलंत.

पुढच्या रविवारी तुम्ही पांढरे कार्डशीट घेऊन आलात. एका शीटवर एकच कडवं, अक्षर दोन बोटं उंच, जोडाक्षरं निळ्या मार्करनं, श्वास घ्यायचा तिथं लाल टिंब. आधी दोन वेळा नुसतं टाळी देत वाचायचं, मग ध्रुवपद, मग कडवं. पुस्तकं मिटून कपाटात. भिरकावायला हातात काही उरलंच नाही.

सुराचं तर कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. पेटीवाले सा काळी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर धरायचे, त्यांच्या गळ्याला तो सोयीचा. पण चाल मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत उतरणारी. दहा वर्षांच्या पोराचा गळा तिथं लागत नाही, नुसती खरखर येते. मग एकजण बेडकाचा आवाज काढणार, बाकीचे फिदीफिदी हसणार आणि मोठ्यांना वाटणार, देवाच्या गाण्याची थट्टा चाललीय. तुम्ही सा काळी तीनवर न्यायला सांगितलंत. खालचा पंचम मधल्या काळी एकवर आला, वरचा धैवत, म्हणजे ‘ध’, तार सप्तकातल्या काळी दोनवर. दोन्ही पोरांच्या आवाक्यातले. बेडूक त्या दिवसापासून गेला तो गेलाच.

दंगा गाण्यात होत नाही, दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या मिनिटात होतो. म्हणून पोरं यायच्या आधी पेटी उघडलेली, तबला लावलेला. टाळ पिशवीतच, लागतील तेव्हाच हातात; टाळ हातात आला की पोर वाजवणारच, त्याला काय बोलायचं? खोडकर दोघांना खोलीच्या दोन टोकांना समोरासमोर बसवलं की खुणा सुरू होतात. तुम्ही त्यांना एकाच ओळीत, मध्ये चौघं सोडून बसवलंत. तोंडच दिसेना एकमेकांचं. आणि उपासनेनंतर पोरं भुकेली असतात म्हणून चिरमुरे-फुटाणे सरावाच्या आधी. भडंग नको म्हणालात, तिखटानं घसा धरतो.

आमच्यातल्या दहावीतल्या मदतनीस पोरीला ‘तू कोण सांगणारी?’ असं एकानं तोंडावर विचारलं, तेव्हा तुम्ही तिची जागा घेतली नाहीत. मोठ्यांनी जागा घेतली की त्या पोरीचा शब्द कायमचा पडतो. तुम्ही पोरांच्या ओळीत जाऊन बसलात, ‘ताई सांगेल तिथनं सुरू करायचं’ म्हणालात आणि तिच्या हाताच्या इशाऱ्यावर गायलात. तिचा हात थरथरत होता.

आणि तुम्ही मऊही नव्हता. ढकलाढकली झाली की एक गाणंभर दाराजवळच्या खुर्चीवर. दार उघडं, सगळ्यांना दिसेल असं, बाहेर एकट्यानं कधीच नाही. पुढच्या गाण्याला परत ओळीत, विषय संपला. आईला त्याच दिवशी, पोरासमोरच सांगायचं आणि सुरुवात त्यानं काय चांगलं केलं तिथून. चारचौघांत ‘सॉरी म्हण’ नाही. ओढून काढलेलं सॉरी हसण्यावारी जातं. त्याऐवजी शेवटी ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याबरोबर पेटीची खोळ घालायला लावायचात. एकानं एक टोक धरल्याशिवाय ती खोळ बसतच नाही.

चर्चमध्ये भली माणसं कमी नाहीत, काकू. वेळ पडली तर मध्यरात्री रक्त द्यायला सीपीआर रुग्णालयात धावतील. पण रोजच्या बारीक गोष्टीत, एखाद्या चिडक्या पोराशेजारी जमखान्यावर बसण्यात जो भलेपणा लागतो, त्याला ना टाळ्या पडतात ना अहवालात ओळ येते. यंदाच्या अहवालात ‘मुलांची गाणी उत्तम झाली’ एवढंच आहे. कुणामुळं, ते नाही.

शीट आम्ही गुंडाळून कपाटावर ठेवली आहेत, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून. तो पोरगा आता निळी जोडाक्षरं स्वतः रंगवतो. ‘स्तोत्र’मधला ‘त्र’ त्यानं परवा तीनदा खोडला. ईस्टरच्या गाण्यांचा सराव पुढच्या रविवारपासून आहे. सा काळी तीनवरच ठेवलाय. गुडघा बरा असेल तर या. खुर्ची ठेवतो, पण तुम्ही खालीच बसणार हे माहीत आहे.

तुमचे,
संडे स्कूलचे मदतनीस, कोल्हापूर