नऊवारीत वीतभर कमी

संपादक साहेब, परवा आईसाठी इतवारीतून नऊवारी आणली, दुकानदार म्हणे पूर्ण आठ मीटर आहे ताई, अन् घरी आईनं हातावर मोजली तर म्हणते काष्ट्याला वीतभर कमी पडते ना बाई. मी मोबाईलवर हिशेब केला, एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर, नऊ वार झाले जवळपास ८.२३ मीटर, कमी किती तर २३ सेंटिमीटर, अन् वीत म्हणजे नऊ इंच, २२.८६ सेंटिमीटर! आईचा हात माझ्या कॅल्क्युलेटरपेक्षा फास्ट निघाला बाप्पा. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, मग लेबलवर नुसतं नऊवारी काऊन लिहिता, मीटर लिहा की, म्हणजे घ्यायच्या आधीच कळेल. आता ती साडी बदलायला परत जायचं, या उन्हात.

– एक वाचक, महाल, नागपूर