खुर्च्या किती मांडल्या होत्या

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर तुला एक अक्षर लिहिलं नाही, तुझे मेसेज बघून तसेच ठेवले. आधी चार शिव्या घाल आणि मग पुढे वाच. इथे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर होती तिथेच आहे. फोन केला असता, पण घरात आबा असतात आणि जे सांगायचंय ते त्यांच्यावरूनच आहे.

निवडणुकीत मैदानावरच्या मोठ्या सभेचा मंडप मी घातला. हो, जमिनीच्या प्रकरणातल्या त्याच उमेदवाराच्या सभेचा. स्टेज, साउंड, जनरेटर, खुर्च्या, सगळं काम एकट्याला. मे महिन्यात पाऊस लवकर आला आणि निम्मी लग्नं हॉलमध्ये गेली, गोडाऊनचं भाडं थकलेलं, मी हो म्हटलं. सभेला सिरियलमधला तो हिरो आणला होता. बायका दुपारी तीनपासून येऊन बसलेल्या, बाजारातून मासे विकून परस्पर आलेल्या, रिकाम्या टोपल्या खुर्च्यांखाली. हिरो साडेपाचला आला, सात-आठ मिनिटं बोलला, डायलॉग मारला, आपल्या गावाचं नाव चुकीचं घेतलं, तरी शिट्ट्या. मी स्टेजच्या मागे केबल धरून उभा होतो आणि तिथून मला नीट दिसलं त्याला कशाला आणला ते. तो समोर होता तोवर जमिनीच्या प्रकरणाचा विषय एकाच्याही डोक्यात आला नाही.

तू आता म्हणशील, याचं गोविंदा-पुराण सुरू झालं. होच. २००४ साली लोकसभेला बोरिवलीच्या त्या खोलीत तू मला म्हणालास की आपल्या विरारचा पोरगा उभा आहे, मी त्यालाच देणार, आणि मी म्हटलं समोर राम नाईक आहेत, पाच वेळा निवडून आलेत, केंद्रात मंत्री आहेत, लोकलने लटकत जाणाऱ्यांसाठी भांडलेत. तुझा माणूस ४८ हजारांवर मतांनी जिंकला आणि तू पेढे आणलेस, मी खाल्ले नाहीत, मग रात्री उठून दोन खाल्ले ते तुला अजून माहीत नाही. २००९ ला तो उभाच राहिला नाही तेव्हा मी तुला फोन करून हसलो होतो. ते भांडण मी जिंकलो असं इतकी वर्षं धरून बसलोय. पण आता वाटतं ते भांडण सोपं होतं रे.

कारण नटाला लोक फसत नाहीत फार. पोरीनेच मला दाखवलं, २०२४ ला विधानसभेला वर्सोव्यात नट एजाज खानला १५५ मतं पडली, इन्स्टाग्रामवर ५६ लाख फॉलोअर्स असून. लोक बघायला येतात, शिट्टी मारतात, घरी जातात. आणि मत कुणाला द्यायचं ते त्यांचं आधीच ठरलेलं असतं, सगळं माहीत असून ठरलेलं.

सभेच्या आदल्या रात्री आबांनी नातीला उमेदवाराचं शपथपत्र मोबाईलवर काढायला लावलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. गुन्ह्यांचा तक्ता आला. कलमं, कोर्टाचं नाव, आरोप निश्चित झाले आहेत का, तर होय. एक, दोन, तीन. आबा डोळे मिटून ऐकत होते, रेडिओवर बातम्या ऐकायचे तसे. वाचून झाल्यावर पोर म्हणाली, "आबा, आजीला रात्री दोनला कोल्हापूरला न्यायचं होतं तेव्हा ॲम्ब्युलन्स कुणाच्या फोनने आली?" बाळ्या, ते खरं आहे. मीच लावला होता तो फोन. दुसऱ्या रिंगला उचलला त्याने. आबा काहीच बोलले नाहीत. पहिलंच मत होतं तिचं, कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

ज्या माणसाने आपल्या समाजवादी खासदाराच्या, नाथ पैंच्या सभेला चालत जाऊन सतरंज्या घातल्या, ज्याने त्यांच्यानंतर मधु दंडवतेंना लोकसभेवर १९७१ पासून पाचही वेळा निवडून येताना पाहिलं आणि १९९१ ला पडले तेव्हा दोन दिवस धड जेवला नाही, त्याच्या घरातली ही गोष्ट. तुझे वडील अंतुले प्रकरणात आबांना म्हणाले होते ना, की अंतुलेंनी निराधार योजना आणली, म्हाताऱ्यांच्या हातात पैसे आले, सिमेंट घोटाळ्याचं काय घेऊन बसलात. १९८२ ला त्यापायी अंतुलेंचं मुख्यमंत्रीपद गेलं आणि १९८९ ला कुलाब्याने त्यांना खासदार केलंच. त्यावरून आपली पण कट्टी झाली होती, चतुर्थीपर्यंत. म्हणजे पोर जे म्हणाली ते नवीन काही नाही. तरी मला तिला उत्तर देता आलं नाही आणि तेच टोचतंय. रात्री दोनला ॲम्ब्युलन्स येणं हे सरकारी दवाखान्याचं काम, त्यासाठी कुणाचं उपकार का घ्यायचं, हे मला चार दिवसांनी सुचलं, तेसुद्धा गोडाऊनमध्ये खुर्च्या मोजताना.

आणि आता खुर्च्यांचंच. मी १,२०० मांडल्या होत्या. सभा झाल्यावर त्याचा माणूस आला, म्हणाला बिल ४०० खुर्च्यांचं कर, बाकीचे रोख घे. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख, सगळं दाखवलं तर बसत नाही म्हणे. मी सही केली. हात थरथरला वगैरे काही नाही, नेहमीसारखी झोकात सही केली. आबा सभेला काठी टेकत आले होते, तिसऱ्या रांगेत बसले होते, हे मला नंतर कळलं. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "खुर्चयो किती मांडलंस?" मी म्हटलं बाराशे. "आणि लिवलंस किती?" कसं कळलं त्यांना देव जाणे. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, पेपर वाचतात, नातीशी बोलतात, मी आलो की चष्मा काढून ठेवतात.

तो निवडून आला. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, आज बावीस झाले. माझं बिल त्यात लागणार. रोख पैसे अजून कपाटात तसेच आहेत, भाड्याला दिले नाहीत.

तुझी बदली झाली असं अण्णांकडून कळलं, अभिनंदन, वहिनींच्या ऑपरेशनचं काय झालं ते कळव, पोराला बारावीला किती पडले? आंब्याची पेटी मेमध्ये नक्की पाठवतो, यंदा मोहोर बरा दिसतोय.

तू इतकी वर्षं ऑडिटमध्ये काढलीस म्हणून विचारतो. हिशेब दाखल व्हायच्या आधी मीच जाऊन खरं बिल दिलं तर काय होईल? माझ्यावर काय येईल, धंदा राहील का, हे सगळं मला गोड न बोलता सांग. आठ दिवस आहेत. फोन करू नको, लिहूनच पाठव, आबा झोपले की वाचतो.

तुझा,
भाई