ओटीपी शेवटी माग

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून कंपनीचा टी-शर्ट घालून तू एसी सर्व्हिसिंगला लोकांच्या घरी जाशील. तक्रारीच्या फोनवर 'ओंकारने घाण केली' असं कुणी म्हणत नाही. 'तुमच्या कंपनीने भिंत खराब केली' असंच म्हणतात.

निघताना फोन कर. उशीर होणार असेल तर ठरलेली वेळ टळायच्या आत सांग. नंतर खरं कारणही बहाणाच वाटतं. एसीखाली बहुधा पलंग असतो. त्यावर आपली चादर टाक, त्यांची मागू नकोस. मेन बंद कर, पीसीबी, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी, प्लास्टिकने झाक, धुण्याचं कव्हर लाव आणि त्याची नळी बादलीत गेलीय ना ते बघ. काळं पाणी डिस्टेंपरवर ओघळलं की पुसून जात नाही, पसरतं.

खरा घोळ गॅसचा. 'गॅस कमी झालाय' ऐकून लोकांचे कान किटलेत. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. आधी फिल्टर आणि कॉइल साफ कर. बरेचदा दोष धुळीचाच असतो. तरी थंडावा नसेल तर गेजचा, म्हणजे गॅसचा दाब मोजायच्या मीटरचा, काटा त्यांना दाखव, नळ्यांच्या जोडावरच्या फ्लेअर नटवर साबणाचा फेस लाव, बुडबुडे त्यांनाच बघू दे. लीक न काढता भरलास तर थोड्याच दिवसांत पुन्हा फोन. आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेतो, म्हणून तो पूर्ण काढल्याशिवाय ब्रेझिंगची, म्हणजे नळ्या जोडायची, ज्योत पेटवायची नाही. मग नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप निदान २० मिनिटं चालव, बंद करून १० मिनिटं काटा हलतो का पाहा. घाईत हे गाळलं की आत ओल राहते आणि कंप्रेसरचं तेल बिघडतं. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचं वजन असतं. तेवढा वजनकाट्यावर मोजून भर, पावतीवर ग्रॅम लिही.

कपॅसिटर बदललास तर जुना डिस्चार्ज करून, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून, त्यांच्या हातात दे. 'पावती नको असेल तर कमी करतो' हे तोंडातून कधीच नको. 'आधीच्याने वाट लावलीय' असंही म्हणू नकोस. तो आपल्याच कंपनीचा निघायचा.

आणि ओटीपी, काम झाल्यावर तक्रार बंद करायला ग्राहकाकडून घ्यायचा तो. दारातच तो मागणारे असतात, कॉल लवकर बंद दिसावा म्हणून. तू मशीन १५ मिनिटं चालव, हवेला थर्मामीटर लाव, आकडा दाखव, मग माग.

चादरी दोन ने. एक रोज धुवावी लागेल.

तुझी,
आई