आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येण्याआधी

चोपडा,
रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. नाना आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं म्हणून तीनदा लावला. एकदा नानांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. एकदा आई म्हणाली, कैऱ्या उतरवायला माणूस आलाय, मग बोलू. तिसऱ्यांदा दोघंही निवांत होता, तर मीच उन्हाच्या गप्पा मारून ठेवून दिला. म्हणून पत्र. आई, नाना हे मोठ्यानं वाचतील, पण आधी त्यांची जेवणाआधीची गोळी झाली का ते बघ. झाली नसेल तर कागद घडी करून ठेवा आणि आधी गोळी.

मी नोकरी सोडली. ‘सोडू का’ असं विचारत नाहीये, सोडली. १ फेब्रुवारीला तीन महिन्यांची नोटीस दिली, ३० एप्रिलला शेवटचा दिवस. होळीला घरी आले होते तेव्हा पोळी लाटता लाटता आईनं विचारलं, ‘पगार वाढना का व माय?’ आणि मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले. त्या रात्री मला झोप नव्हती. तुम्हाला वाटलं असेल डास चावताहेत.

पाटल्यांचं मला माहीत आहे. तुम्ही दोघांनी कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण माझी नोकरीची ऑर्डर निघाली त्या दिवाळीत आईच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि ती मामीला सांगत होती की सोनं आता अंगाला लागतं. नानांच्या ग्रॅच्युइटीची पावती कपाटात ज्या पिशवीत असायची, ती पिशवीही रिकामी होती. चौदा वर्षं मी त्या नोकरीवर गेले ते ही पिशवी डोळ्यांसमोर ठेवूनच. एक दिवस जास्तीची रजा घेतली नाही. म्हणून म्हणते, हा निर्णय उठल्या-बसल्या घेतलेला नाही.

कारण सांगते. मागच्या वर्षी माझ्या वर्गात एकाहत्तर मुलं होती, दोन तुकड्या एकत्र बसवलेल्या. कायदा सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, ते कागदावर जुळवलेलं होतंच. मे महिन्यात आम्ही बायका भर उन्हात दारोदार पटासाठी फिरायचो, कुणाला वह्या कबूल, कुणाला सायकल. का, तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, तुकडी तुटली की कुणीतरी अतिरिक्त ठरणार. हे सगळं मी गिळलं. सगळेच गिळतात. पण सातवीतला एक मुलगा, मागच्या बाकावरचा, दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेला. मला ते आठ दिवसांनी कळलं, तेही त्याच्या बहिणीकडून. आणि त्या आठही दिवसांत तो हजेरीपटावर हजर होता, नाना. नंतरही हजरच राहिला, थेट मार्चपर्यंत. वरून तसं सांगणं होतं. खाली सही माझी होती.

तुम्ही त्या पोषण आहाराच्या रजिस्टरवर सही केली नव्हती. त्यापायी आपण दोन वर्षं कुठे काढली ते मी विसरले नाही. आईला त्या घरात चूल फुंकून खोकला लागला, तो अजून दर थंडीत येतो. मी लहान होते, पण तेव्हाही मला वाटायचं की आपले नाना जरा वेगळे आहेत. मग मी कोणाची मुलगी?

बरं, आता रागावू नका. पुढचं चांगलं आहे.

तापीच्या या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याकडे एक लहानशी शाळा आहे. गेलं वर्षभर मी शनिवार-रविवार ‘जरा बाहेर गेले होते’ म्हणायचे ना, ती तिथेच जायचे. पहिली ते सातवी, मिळून त्रेसष्ट मुलं आणि चार शिक्षक. मी पाचवी शिक्षिका. नाना पहिला प्रश्न विचारतील तो मान्यतेचा, तर मान्यता आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली रीतसर घेतलेली, शाळेच्या सरकारी युडायस नंबरसकट. मी स्वतः कागद पाहिले, तुमच्याच पद्धतीनं, शिक्के उजेडाला धरून.

मुलं कुणाची म्हणाल, तर केळीच्या बागांत राबणाऱ्यांची, पावरा आणि तडवी घरांची, दोन-चार बागाईतदारांचीही. फी महिन्याला तीनशे. ज्यांना जमत नाही ते दादर ज्वारी देतात, नाहीतर सुट्टीत येऊन भिंत सारवतात, पत्रे बसवतात. आणि कुणी काय दिलं ते फळ्यावर लिहीत नाहीत. पालकांची सभा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी असते, कारण त्या दिवशी मजुरांना सुट्टी आणि हातात हप्ता. आमच्याकडे पालकसभा शनिवारी सकाळी अकराला असायची आणि मग आम्हीच म्हणायचो, हे लोक येत नाहीत, यांना मुलांचं काही नाही. इतकी साधी गोष्ट चौदा वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती.

दुपारी जेवण एका सतरंजीवर. सगळ्यांच्या भाकरी मधल्या टोपल्यात पडतात, कळण्याची, ज्वारीची, कुणाची गव्हाची पोळी, आणि रोज एक मूल मोजतं: भाकरी किती, तोंडं किती, वाटणी कशी. ज्याच्या घरून काही आलेलं नसतं ते कळतच नाही. तिसरीतली मुलं अपूर्णांक तिथेच शिकतात. नाना, तुम्ही छेद-अंश शिकवायला चाळीस मिनिटं खडू झिजवायचा, आठवतं?

आणि भाषा! घरात आम्ही अहिराणी बोललो की तुम्ही ‘शुद्ध बोल’ म्हणून डोळे वटारायचे. आईला तर पाहुण्यांसमोर गप्पच बसावं लागायचं. इथे पहिलीचा वर्ग अहिराणीत आणि पावरीत सुरू होतो, मग हळूहळू पुस्तकाच्या मराठीकडे येतो. एक मुलगी चार महिने तोंड उघडत नव्हती. शाळेतल्या बकरीशी मात्र पावरीत गप्पा. बाईंनी काय केलं, बकरीच वर्गाच्या दारात बांधली आणि स्वतः बकरीच्या शेजारी बसल्या. त्याच बाई कापूस वेचणीच्या दिवसांत फळा घेऊन शेताच्या बांधावर जातात. नवलाचं काही नाही, कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती, हे तुम्हीच मला डी.एड.च्या वेळी सांगितलं होतंत. मी परीक्षेत पाच मार्कांना लिहून आले आणि विसरले.

शाळेचं सगळंच गोड आहे असं नाही. पावसाळ्यात एक खोली गळते. शौचालयाला पाणी हापशावरून न्यावं लागतं. देणग्या वेळेवर आल्या नाहीत तर पगार पंधरा-पंधरा दिवस लांबतो. पगार अठरा हजार. हो, अठराच. नाना, चष्मा पुसून परत वाचू नका, आकडा बरोबर आहे.

आता हिशेब ऐका. तुमच्या जावयांचं ठिबकचं दुकान बरं चाललंय, केळीचा हंगाम चांगला गेला. मोटरसायकलचे हप्ते डिसेंबरला फिटले. खेड्यात भाडं बाराशे. चोपड्यातलं घर मे अखेर सोडतोय. पेन्शनचं म्हणाल, तर १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हतीच, म्हणजे तुमच्यासारखं म्हातारपण मला तसंही मिळणार नव्हतं. जमलेली रक्कम मी मोडणार नाही. तुम्हाला महिन्याला पाठवते त्यातले मात्र आता अर्धेच येतील. हे लिहिताना हात अडला. पण औषधांचं खातं माझ्याच नावावर राहील. मेडिकलवाल्या भाऊंशी बोलून ठेवलंय, तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही असं. तेव्हा ‘एक दिवसाआड घेतली तरी चालते’ हा प्रकार बंद. साखरेची गोळी एक दिवसाआड नसते. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पावसाळ्याआधीच होईल, त्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेत.

घर दोन खोल्यांचं आहे, आई. तू आधी हेच विचारशील. फरशी आहे, पंखा आहे, नळाला एक दिवसाआड पाणी. वर धाबं आहे, मातीचं, आपल्यासारखंच! संध्याकाळी पाणी शिंपडून रात्री वर झोपता येईल. माझ्या चिनूला मी सांगितलं की नाना मला धाब्यावर सप्तर्षी दाखवायचे आणि मी चौथ्या ताऱ्याला झोपून जायचे. तर ती म्हणते, मी सातही पाहणार. शेजारी एक आजी आहे, तिनं पहिल्याच दिवशी बिबड्यांचा डबा आणून दिला. विंचू-काट्याची भीती नको, दार जमिनीला चिकटून आहे आणि यांनी फटी बुजवल्यात. रात्री-अपरात्री गरज लागली तर गावात जीप आहे. एसटी दिवसातून दोनदा. नानांचं पंचाहत्तरीनंतर तिकीट माफ, आईला अर्धं. पण नाना फुकट बसायला लाजतात हे मला ठाऊक आहे. कंडक्टरला कार्ड दाखवायचं. ते दान नाही.

चिनूही त्याच शाळेत जाणार, चौथीला. इथे तुम्ही थोडे दुखावणार, माहीत आहे. तिचा इंग्लिश मिडीयमचा टाय घातलेला फोटो तुम्ही बैठकीत लावलाय. तो राहू द्या. पण तिला पोटदुखी कशाची होती, आपण तीन डॉक्टर केले, जंताचं औषध दिलं, आईनं दृष्ट काढली. सुट्टी लागली की पोट बरं. डिसेंबरात एका शनिवारी ती माझ्यासोबत या शाळेत आली, दिवसभर वाफ्यात मेथी लावली, आणि येताना विचारलं, ‘इथे मारत नाहीत का?’ मी तिची आई, शिक्षिका, आणि मला तिथपर्यंत कळलं नव्हतं. इंग्रजी मी घरी घेते, काळजी नको. वाचनात ती कुणाच्या मागे नाही.

लोक विचारतील. काका तर विचारतीलच. सांगा की बदली झाली. नको, खोटं नको. सांगा की मुलीनं दुसरी शाळा धरली. साने गुरुजींनीही प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० एवढीच नोकरी केली होती, हे तुम्ही आम्हाला किती वेळा ऐकवलंय. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुवायचे ती गोष्ट तर दर रविवारी, आम्ही स्वतःचे कपडे धुवावेत म्हणून. मी माझी तुलना करत नाहीये हो, माझी काय लायकी. पण गोष्ट सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्यावर रागवायचं नसतं.

एक मात्र हात जोडून. नाना, तुम्ही त्या संस्थेच्या साहेबांना फोन करायचा नाही. ‘पोरीचं चुकलं, परत घ्या’ असं म्हणायला जायचं नाही. आणि जुना व्यवहार काढायचा नाही. त्याचा कागद नाही, आणि तिथे तुम्ही कुणापुढे उभे राहिलेले मला बघवणार नाही. एकदा राहिलात, पुरे. पाटल्या मी करीन, आई. वर्ष लागेल, तीन लागतील, वजन थोडं कमी असेल. तू ‘मले काय करना शेत आते’ म्हणशील, तरी करीन.

उन्हाचं सांभाळा. बारा ते चार दार उघडायचं नाही. कूलरमध्ये पाणी नानांनी बादलीनं भरायचं नाही, शेजारच्या पोऱ्याला हाक मारायची. आईनं पापड-बिबडे वाळत घालायला जिन्यानं वर चढायचं नाही, यंदा कमी केले तर चालतील, आमच्याकडे आजीचे आहेत. मोरीत रबरी चप्पल. आणि दोघांनी भांडून जेवण वेगवेगळं करू नका, त्यात नाना भातावरच भागवतात.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी आणि चिनू येतोय. घागरीवर ठेवायचं डांगर (खरबूज) मी इकडून आणते, तिकडचं फिकं निघतं. मांडे आई, तू खापरावर बसून करू नकोस, मी करते, तू फक्त पाटावर बसून चुका काढ. कडुलिंबाला झोका बांधायचा तर दोर नवा घ्या, मागच्या वर्षीचा उंदरांनी कुरतडलाय. राग असेल तर तो आल्यावर समोर काढा, फोन उचलायचा नाही असं करू नका. मला ते सोसत नाही, लहानपणीही सोसायचं नाही.

तुमची,
बेबी

ता. क. नाना, माळ्यावर तुमचा पृथ्वीचा गोल आहे ना, रशिया अजून एकच असलेला? शाळेत गोल नाही. मुलं विचारतात, तापी समुद्राला कुठे मिळते, तर मी हातवारे करून गुजरात दाखवते. देणार असाल तर सांगा. पण तो काढायला तुम्ही शिडीवर चढायचं नाही. मी आल्यावर काढीन.